पुढच्याला ठेच लागली, ती मागच्याला कळू द्या

प्रति,
समुद्राच्या लाटांपासून वीज करणाऱ्या कंपन्या, त्यांचे अभियंते आणि त्यांना जनतेच्या तिजोरीतून पैसा देणाऱ्या सर्व ऊर्जा संस्था

सप्रेम नमस्कार.

मागणी आधी सांगतो, कारणं मागाहून. लाटांवर चालणाऱ्या ज्या कोणत्या यंत्राला यापुढे सार्वजनिक पैसा मिळेल, त्याने दर महिन्याला ग्रीडमध्ये किती युनिटं घातली, किती तास ते बंद होतं आणि नेमकं काय मोडलं म्हणून बंद होतं, हे सगळं जाहीर व्हावं. यंत्र चालू असताना व्हावंच. ते बुडालं, फुटलं किंवा कंपनीला टाळं लागलं, तर तेव्हा तर नक्कीच व्हावं.

मी फिरत्या यंत्रांच्या देखभालीतला माणूस आहे. पंप, टर्बाइन, गिअरबॉक्स यांच्यात आयुष्य गेलं की एक खोड जडते. नवं मशीन पाहिलं की त्याची ताकद किती हे विचारायच्या आधी याचं बेअरिंग बदलायला किती वेळ लागेल, हे तोंडून निघतं. लाटांच्या विजेबद्दल हाती लागेल ते मी वाचत आलोय. ताकदीचे आकडे ढिगाने मिळतात, बेअरिंगचं उत्तर मात्र शोधून सापडत नाही. हे पत्र त्या वैतागातून लिहिलंय, विरोधातून नव्हे. या विजेचं काहीतरी व्हावं असं मलाही मनापासून वाटतं.

या क्षेत्राला 'उद्याचं तंत्रज्ञान' म्हणतात तेव्हा थोडं हसू येतं. पॅरिसमध्ये जिरार या बापलेकांनी लाटांच्या जोरावर यंत्रं चालवण्याचं पेटंट घेतलं ते १७९९ साली. जपानमध्ये योशियो मासुदा यांनी १९४० च्या दशकात प्रयोग सुरू केले आणि १९६५ पासून त्यांच्या पद्धतीचे, लाटांवर स्वतःच्या दिव्यापुरती वीज करणारे बोये (जहाजांना खूण म्हणून समुद्रात तरंगत ठेवतात ते) प्रत्यक्ष वापरात आले. १९७३ च्या तेलसंकटानंतर एडिनबरा विद्यापीठातल्या स्टीफन सॉल्टर यांनी 'डक' हे लाटेवर डुलणारं यंत्र मांडलं, आणि ब्रिटनने मोठा सरकारी कार्यक्रम हाती घेतला. संशोधकांना उद्दिष्ट मिळालं ते थेट २,००० मेगावॉटच्या केंद्राचं! पूर्ण आकाराचा एकही नमुना खुल्या समुद्रात हिवाळाभर टिकून दाखवलेला नाही, आणि तज्ज्ञ मंडळी वाद घालतायत तो दोन हजार मेगावॉटच्या केंद्रातली वीज काय भावाने पडेल यावर. बाजारात तुरी! १९८२ मध्ये कार्यक्रम गुंडाळला गेला. छोटं यंत्र बांधा, मोडू द्या, दुरुस्त करा, थोडं मोठं बांधा, या साध्या वाटेने जायची मुभाच तिथे कुणाला मिळाली नव्हती.

त्यापुढचा इतिहास आपल्याला पाठ असेल. तरी एकदा ओळीने वाचू. नॉर्वेत बर्गनजवळच्या तोफ्तेस्टालेन इथे कड्याला टेकून उभारलेलं ५०० किलोवॉटचं केंद्र १९८५ मध्ये सुरू झालं आणि डिसेंबर १९८८ च्या वादळाने त्याचा पोलादी मनोरा उखडून नेला. स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावर 'ऑस्प्रे' हे २ मेगावॉटचं यंत्र ऑगस्ट १९९५ मध्ये तळावर बसवता बसवताच हातचं गेलं. 'पेलामिस' हा सांधे असलेला लांबलचक लाल पोलादी साप २००४ मध्ये ऑर्कनी बेटांजवळ खुल्या समुद्रातून ग्रीडला वीज देऊ लागला, तसं करणारं ते पहिलं यंत्र. सप्टेंबर २००८ मध्ये पोर्तुगालच्या अगुसादोरा किनाऱ्यासमोर तसे तीन साप, मिळून सव्वादोन मेगावॉट, थाटामाटात सुरू झाले. दोनेक महिन्यांत सांध्यांतल्या बेअरिंगांच्या दोषामुळे ते बंदरात ओढून आणावे लागले. तेवढ्यात प्रकल्पात पैसा घातलेली बडी वित्तसंस्थाच मंदीत कोसळली आणि यंत्रं परत पाण्यात गेलीच नाहीत. २०१४ च्या नोव्हेंबरात पेलामिस कंपनीचा कारभार दिवाळखोरीमुळे प्रशासकांच्या हाती गेला, पुढच्या वर्षी 'ऑयस्टर' हे लाटयंत्र बनवणाऱ्या ॲक्वामरीन कंपनीचंही तेच झालं. ऑस्ट्रेलियात २०१४ मध्ये ओशनलिंक्स कंपनीच्या लाटयंत्राचं तीन हजार टनांचं काँक्रीटचं धूड जागेवर ओढून नेत असताना वाटेतच बसलं.

एवढं वाचून लोक म्हणतात, 'समुद्रापुढे कुणाचं चाललंय?' पण देखभालीच्या नजरेने पाहिलं तर यातली दोन यंत्रं समुद्रात कामाला लागलेलीच नव्हती. ती गेली ओढून नेताना, बसवताना. म्हणजे जहाजं, तरंगण्यासाठीच्या टाक्या, हवामान बघून केलेली घाई यांच्या हिशोबात. एक गेलं वादळात. एकाचं बेअरिंग, आणि त्याहून जास्त त्याच्या मालकाचा पैसा. चार वेगळी कारणं, त्यांवर चार वेगळे उपाय. ती एकाच वाक्यात कोंबली की पुढच्या अभियंत्याला शिकायला काही उरत नाही. तो जाड पोलाद घेतो आणि पुन्हा ओढून नेतानाच फसतो.

समुद्र कठीण आहे हे कुणीच नाकारत नाही, आणि किती कठीण ते आकड्यात सांगता येतं. खोल पाण्यात लाटेच्या एक मीटर रुंदीतून किती शक्ती वाहते याचं ढोबळ सूत्र असं: उंचीचा वर्ग गुणिले आवर्तनकाळ, भागिले दोन, उत्तर किलोवॉटमध्ये. उंची म्हणजे त्या वेळच्या सगळ्यांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी. दोन मीटर उंची आणि आठ सेकंदांचा काळ धरला तर मीटरमागे १६ किलोवॉट. साधारण बरा दिवस. आता वादळ घ्या: बारा मीटर, चौदा सेकंद. मीटरमागे हजार किलोवॉट, म्हणजे साठपटीहून जास्त. यंत्राने कमवायचं त्या सोळांवर, आणि पोलाद, साखळ्या, नांगर यांचा खर्च करायचा हजारांच्या हिशोबाने. या धंद्याचं सगळं दुखणं या दोन आकड्यांमधल्या अंतरात आहे.

तरी त्यावर वाटा निघतायत. कॉरपॉवर या स्वीडिश कंपनीचं यंत्र २०२३ च्या अखेरीस त्याच अगुसादोरासमोर होतं, आणि कंपनीच्या सांगण्यानुसार साडेअठरा मीटरपर्यंतच्या लाटा अंगावर घेऊन ते शाबूत राहिलं. युक्ती अशी की एरवी यंत्राचं डोलणं लाटेच्या तालाशी मुद्दाम जुळवायचं आणि वादळात तो ताल मोडून टाकायचा. वादळी वाऱ्यात पवनचक्की पाती फिरवून वारा सोडून देते, त्यातलाच हा प्रकार. मला हे आवडलं. पण त्याहून जास्त मला हे हवंय की त्या मोसमात किती तास वीज बाहेर गेली, कोणता सील (सांध्यातून पाणी आत येऊ न देणारी कडी) गळला, कोणता सेन्सर आधी मेला. टिकलं ही बातमी झाली, माहिती नव्हे.

वादळाशिवायची दुसरी अडचण कमी बोलली जाते: लाट फार हळू चालते. आठ सेकंदांत एकदा वर, एकदा खाली. जोर प्रचंड, वेग नगण्य. आपल्या नेहमीच्या जनित्राला हवा असतो मिनिटाला हजार-दीड हजार फेऱ्यांचा एकाच दिशेचा वेग. मधलं काम कुणी करायचं? कुणी तेलाचे दट्टे लावतं, कुणी दातेरी पट्टी, कुणी सरळ हवेलाच कामाला लावतं. शिवाय प्रत्येक लाटेत शक्ती दोनदा शून्यावर येते आणि दोनदा शिगेला पोचते, म्हणजे मधला प्रत्येक सुटा भाग सरासरीच्या कैक पट ताकद पेलेल एवढा दणकट घ्यावा लागतो आणि बहुतेक वेळ तो अर्धापोटीच चालतो.

हवेची पद्धत मला सगळ्यांत प्रामाणिक वाटते, म्हणून जरा जवळून पाहू. काँक्रीटची एक उभी खोली, तळाला समुद्राकडे उघडी. लाट आली की खोलीतलं पाणी वर चढतं आणि वरची हवा एका अरुंद भोकातून बाहेर दामटते. लाट ओसरली की तीच हवा आत ओढली जाते. भोकात टर्बाइन. हवेची दिशा दर चार सेकंदांना उलटते, मग टर्बाइनही उलटसुलट फिरायचं का? बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या ॲलन वेल्स यांनी १९७० च्या दशकात यावर उत्तर काढलं: पात्यांचा छेद दोन्ही अंगांनी सारखा ठेवायचा, मग हवा कुठूनही येवो, चक्र एकाच दिशेला फिरतं. पाण्यात बुडालेला एकही हलता भाग नाही! पण याचीही किंमत आहे. मोठी लाट आली आणि हवेचा झोत ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की पात्यावरून हवेचा प्रवाह सुटतो, टर्बाइनचा जोर एकदम पडतो आणि आवाज मात्र वाढतो. म्हणजे ज्या लाटेकडून जास्त मिळायचं तिच्याकडून कमी मिळतं. त्यासाठी जादा हवा सोडून देणारी झडप लागते, आणि ती झडप खाऱ्या, दमट हवेत दिवसरात्र काम करते. देखभालवाल्याला विचाराल तर सगळा खेळ टर्बाइनमध्ये नाही, त्या झडपेच्या बिजागरीत आहे.

याच पद्धतीचं १५० किलोवॉटचं केंद्र भारतात, केरळमधल्या विळिंजम बंदराच्या बांधाला लागून, १९९१ मध्ये आयआयटी मद्रासच्या पुढाकाराने उभं राहिलं होतं. स्कॉटलंडच्या आयला बेटावर २००० मध्ये 'लिम्पेट' आलं. जाहीर झालं ५०० किलोवॉट म्हणून, पुढे क्षमता उतरवून २५० करावी लागली. आणि स्पेनच्या बास्क प्रांतात मुत्रिकू इथे जुलै २०११ पासून अशा सोळा खोल्यांचं केंद्र बंदराच्या लाटरोधक भिंतीतच बांधून काढलेलं आहे. टर्बाइनं साडेअठरा किलोवॉटची, एकूण २९६ किलोवॉट. कुणालाही या आकड्याचं कौतुक वाटणार नाही. पहिल्या दहा वर्षांत त्याने वीस लाखांहून जास्त युनिटं दिली, म्हणजे सगळी टर्बाइनं अहोरात्र पूर्ण क्षमतेने चालली असती तर मिळाली असती त्याच्या फार तर एक दशांश.

एक दशांश! असा आकडा निविदेत लिहायला लाज वाटेल. तरीही आजवर समुद्राला वाहिलेल्या सगळ्या चकचकीत मेगावॉटांपेक्षा मला मुत्रिकूचा हा दशांश मोलाचा वाटतो. कारण तो खरा आहे, वर्षानुवर्षांचा आहे आणि अभ्यासकांनी त्याच्यावर काम करून तो छापलेला आहे. भिंत बंदरासाठी बांधायचीच होती, त्यामुळे बांधकामाचा बोजा वाटला गेला. झडप बिघडली तर माणूस पाना घेऊन चालत जातो. जहाज लागत नाही, समुद्र शांत होण्याची आठवडाभर वाट बघावी लागत नाही. भर समुद्रातलं यंत्र याच्या नेमकं उलट. दुरुस्तीचं जहाज निघायचं तर लाटा साधारण दीड मीटरच्या आत हव्यात, आणि यंत्र तर तिथे लाटा मोठ्या असतात म्हणूनच ठेवलेलं. मग पाच मिनिटांच्या कामासाठी हिवाळा उलटतो. एक फ्यूज उडाल्यामुळे किती आठवडे वीज गेली, हे कुठल्याही उद्घाटनाच्या पत्रकात नसतं.

म्हणून माझी पहिली विनंती कंपन्यांना. किलोवॉट सांगणं थांबवा, युनिटं सांगा. यंत्रावरच्या पाटीवर काय लिहायचं हे शेवटी बनवणाऱ्याच्या हातात असतं, मोठं जनित्र लावलं की पाटी मोठी होते. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाची तांत्रिक समिती ११४ ही २००७ पासून याच कामाला लागलेली आहे. खुल्या समुद्रात लाटयंत्राची कामगिरी कशी मोजायची, लाटेची उंची आणि काळ यांच्या प्रत्येक जोडीला किती शक्ती मिळाली याचा तक्ता कसा भरायचा, याची लेखी पद्धत तयार आहे. पद्धत आहे, भरलेले तक्ते मात्र कुलपात. आणि ते एक जगप्रसिद्ध वाक्य, 'लाटांमध्ये वर्षाला सुमारे २९,५०० टेरावॉट-तास ऊर्जा आहे, म्हणजे जगाच्या वर्षभराच्या विजेच्या जवळपास', तेही काही वर्षं बाजूला ठेवूया. आकडा खोटा नाही, पण तो समुद्राचा आहे, तुमच्या यंत्राचा नाही.

दुसऱ्या बाजूला वाऱ्याचं काय झालं ते बघा. १९८३ मध्ये जर्मनीत 'ग्रोवियान' ही ३ मेगावॉटची, शंभर मीटर व्यासाच्या चक्राची पवनचक्की उभी राहिली. सरकारी पैसा, मोठमोठ्या कंपन्या, कागदावर सगळं चोख. १९८७ पर्यंत ती सगळी मिळून चालली सुमारे ४२० तास. त्याच काळात डेन्मार्कमध्ये लोहार-सुतारांच्या परंपरेतले छोटे कारखानदार वीस-तीस किलोवॉटच्या चक्क्या शेतकऱ्यांना विकत होते. त्या मोडतही होत्या. पण १९७८ मध्ये तिथल्या पवनचक्की-मालकांनी संघटना काढली आणि आपल्या मासिकात कुणाच्या कोणत्या बनावटीच्या चक्कीने महिन्यात किती वीज दिली हे छापायला सुरुवात केली. बिघाडांसकट! कारखानदाराला पळायला जागा राहिली नाही. खराब ब्रेकची चक्की कुणी घेईना, चांगल्या ब्रेकची नक्कल सगळ्यांनी केली. डेन्मार्कमधल्याच रिसो इथल्या चाचणी केंद्राने तपासल्याशिवाय सरकारी अनुदान मिळेना. आज जगभर दिसते ती तीन पात्यांची चक्की त्या घुसळणीतून वर आली. एकाच हुशार माणसाच्या डोक्यातून आली असती तर ग्रोवियानच जिंकली असती.

लाटांच्या क्षेत्रात अशी घुसळण झालेलीच नाही. म्हणूनच आजही कुणी साप बनवतंय, कुणी तरंगता गोळा, कुणी तळाला बिजागरीवर हलणारं दार, कुणी हवेची खोली. पन्नास वर्षं झाली तरी सर्वमान्य असा एकही आकार नाही. लोक याला कल्पकता म्हणतात. मला ती विस्मृती वाटते. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा असं आपण म्हणतो खरं, पण मागच्याला ठेच दिसली पाहिजे ना! इथे पुढचा पडला की दिवाळखोरीचा कारभारी येतो, संगणक आणि आरेखनं खोक्यांत भरतो, माणसं दुसरीकडे नोकरीला लागतात आणि मागचा त्याच दगडाकडे तितक्याच उत्साहाने निघतो.

यावर उत्तर ठरलेलं आहे: 'ही आमची व्यावसायिक गुपितं आहेत.' या उत्तराला मी एकदम धुडकावणार नाही. ज्याने स्वतःचं घर गहाण ठेवून यंत्र बनवलं त्याने नियंत्रणाची आज्ञावली किंवा सांध्याचं आरेखन लपवावं, खुशाल लपवावं. पण सील सात महिन्यांत गळला, साखळीचा दुवा अपेक्षेपेक्षा दुप्पट वेगाने झिजला, पाण्याखालची विजेची जोडणी दोनदा निकामी झाली, यात गुपित कसलं? त्यात आहे ती लाज. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा हिशोब पुढच्या गुंतवणूकदाराची सही होईपर्यंत चालतो. सगळ्यांनीच मुठी झाकल्या की शेवटी गुंतवणूकदार सगळ्याच मुठी रिकाम्या धरतो. २०१४-१५ नंतर नेमकं हेच झालं.

तेल कंपन्यांपेक्षा गुप्तताप्रिय कुणी असेल असं मला वाटत नाही. त्यांनीसुद्धा १९८१ मध्ये नॉर्वेतून सुरू झालेल्या 'ओरेडा' या उपक्रमात समुद्रातल्या आपापल्या पंपांच्या, झडपांच्या, कॉम्प्रेसरच्या बिघाडांची आकडेवारी एकत्र करायला घेतली. एकमेकांचे कट्टर स्पर्धक. पण झडप कितीदा अडकते हे प्रत्येकाने स्वतःच्या खर्चाने नव्याने शोधत बसण्यात कुणाचाच फायदा नाही, एवढं त्यांना कळलं. पुढे त्या कामाचंच आंतरराष्ट्रीय मानक झालं. लाटांच्या क्षेत्रात एक चांगलं उदाहरण मी प्रामाणिकपणे नोंदवतो: पेलामिस बंद पडल्यावर स्कॉटलंडच्या सरकारने 'वेव्ह एनर्जी स्कॉटलंड' ही संस्था काढली, त्या कंपनीची बौद्धिक संपदा विकत घेतली आणि तिथल्या अभियंत्यांकडून अनुभव लिहून घेऊन अहवाल सर्वांना खुले केले. फार मोलाचं काम. पण कंपनी गेल्यावरच तिची वही उघडायची, हा काही शिरस्ता होऊ नये.

आता पैसा देणाऱ्या संस्थांना. आपल्या अटी मी वाचतो तेव्हा त्यांत टप्पे असतात ते आकाराचे: आधी हौदातला छोटा नमुना, मग चौथाई, मग पूर्ण. वेळेचा टप्पा कुठे आहे? छोटं यंत्र सलग एक हिवाळा माणसाचा हात न लागता चाललं तरच पुढच्या आकाराला पैसा, अशी अट घाला. घाई कंपन्यांना नसते तेवढी तुमच्या आर्थिक वर्षाला असते. मार्चच्या आत खर्च दाखवायचा, मंत्र्यांना फीत कापायला पूर्ण आकाराचं काहीतरी हवं, मग अभियंते शांत हवामानाची वाट न बघता यंत्र पाण्यात ढकलतात. शिवाय अनुदान मिळतं ते बनवायला आणि सोडायला. बिघडल्यावर बाहेर काढून, उघडून, का बिघडलं हे बघून परत सोडायला पैसा नसतो. माझ्या धंद्यात शिकण्याचा सगळा भाग त्या उघडण्यातच असतो. मंजूर रकमेतला ठळक हिस्सा त्यासाठी बाजूला ठेवा, आणि शेवटचा हप्ता बिघाडांचा अहवाल छापून झाल्यावरच सोडा. अहवालात 'काहीही बिघडलं नाही' असं असेल तर मात्र हप्ता थांबवून जरा चौकशी करा.

आणि गिऱ्हाईक छोटं असलं म्हणून नाक मुरडू नका. मासुदांच्या बोयाला ग्रीडशी स्पर्धा करायची नव्हती. त्याची स्पर्धा होती बॅटरी बदलायला बोट पाठवण्याच्या खर्चाशी, आणि ती त्याने जिंकली. आजही भर समुद्रातली मोजमापाची उपकरणं, तळावरचे सेन्सर, डिझेल जाळून राहणारी बेटं ही तशीच गिऱ्हाइकं आहेत. २०२१ पासून टास्मानियाजवळच्या किंग बेटावर २०० किलोवॉटचं हवेच्या खोलीचं यंत्र काही काळ त्या बेटाच्या ग्रीडला जोडून चालवलं गेलं. अशा ठिकाणी चार-दोन किलोवॉटही कामाचे ठरतात आणि यंत्र बनवणाऱ्याला हजारो तासांचा अनुभव पदरात पडतो. स्वस्त सौरऊर्जेशी आणि समुद्रातल्या पवनचक्क्यांशी दराची बरोबरी करायला लाटांना आज जमणार नाही. तसं भासवूही नका. लाटांकडे जे आहे ते वेगळं: वारा पडल्यावरही दूरवरच्या वादळातून निघालेल्या लाटा येत राहतात, रात्रीही येतात, आणि त्यांचा अंदाज काही दिवस आधी बऱ्यापैकी लागतो. याचं मोल ग्रीड चालवणाऱ्याला कळतं. पण त्याला ते पटवायचं तर समोर वर्षभराचे तासातासाचे आकडे ठेवायला लागतील, रंगीत चित्रं नव्हेत.

मी मागतोय ते फार मोठं नाही. एका यंत्रामागे महिन्याला एक पान. वर यंत्राचं नाव, जागा, पाण्याची खोली. मग त्या महिन्यातली लाटांची सरासरी उंची आणि काळ, बाहेर गेलेली युनिटं, आतल्या वापरासाठी ग्रीडमधून घेतलेली युनिटं (हा रकाना गाळू नका, बरेच जण गाळतात), चालू तास, बंद तास. त्याखाली प्रत्येक बंदचं कारण साध्या भाषेत: कोणता सुटा भाग, किती तास चालून मोडला, गंज, झीज, शिंपल्यांचा थर, विजेचा दोष की माणसाची चूक, आणि दुरुस्तीला जहाजाची वाट किती दिवस पाहिली. हे पान पंचेचाळीस दिवसांत सर्वांसाठी खुलं. ऑर्कनीतलं युरोपीय सागरी ऊर्जा केंद्र २००३ पासून अशा यंत्रांच्या चाचण्या घेतंय. नोंदी ठेवण्याची शिस्त तिथे आहे, मोजमापाचं मानक आहे, तेव्हा नमुना-पान ठरवायला नवी समितीसुद्धा नको. पुढच्या अनुदानाच्या जाहिरातीत अट म्हणून एक परिच्छेद घातला की झालं.

हा परिच्छेद घालायला आपल्यापैकी कोणती संस्था तयार आहे, आणि तयार नसेल तर हरकत नेमकी कोणत्या रकान्याला आहे, एवढं उघडपणे कळवावं. हरकतींवर बोलायची माझी तयारी आहे.

आपला,
यंत्रांच्या देखभालीतला एक अभियंता